'आधी किती हलकीफुलकी असायची' म्हणे! नेबर्स, होम अँड अवे आणि त्यातली मेलेली माणसं

ऑस्ट्रेलियन सोप्सचा, म्हणजे नेबर्स, होम अँड अवे यांसारख्या वर्षानुवर्षं चालणाऱ्या मालिकांचा विषय निघाला की एक दावा हमखास फॉरवर्ड होऊन येतोच. थोडक्यात सांगायचं तर असा की, या मालिका आधी ऊन, समुद्र, शेजारीपाजारी आणि पोरांची प्रेमप्रकरणं एवढ्यावर मजेत चालायच्या, मग टीआरपीच्या हव्यासापायी कॅन्सर, स्फोट, बलात्कार, खून घुसवले, संध्याकाळच्या फॅमिली टाइमची वाट लावली, आणि म्हणूनच लोक कंटाळले आणि नेबर्स बंद पडली. ऐकायला एकदम पटतं, अडचण एवढीच की यातलं जवळजवळ काहीच खरं नाही. एकेक घेऊया.

'आधी सगळं हलकंफुलकं होतं'

कधी? कुठल्या साली? मला खरंच ते साल हवंय, कारण मागे जावं तितका अंधार वाढतच जातो. १९७२ ला सुरू झालेली नंबर ९६ घ्या, सिडनीतल्या एका बिल्डिंगीतल्या भाडेकरूंची गोष्ट, तिच्यात बायकांचे गळे आवळणारा खुनी होता आणि १९७५ मध्ये तर बिल्डिंगीत बॉम्ब फोडून मेन कॅरेक्टर्स एका फटक्यात उडवली. १९७९ ला प्रिझनर आली, बायकांचं जेल, नवऱ्याला भोसकून आलेली बाई, ड्रग्जने मुलगी गमावलेली बाई, आणि जेलमधून पळालेल्या फ्रँकी डॉयलला पोलिसांनी गोळी घातली ती पहिल्याच वर्षात. आता गंमत ऐका, ही प्रिझनर ज्याच्या डोक्यातून निघाली तो रेग वॉटसन, आणि १९८५ ची नेबर्सही त्याचीच! म्हणजे ज्या माणसाने प्रिझनरमधलं वेंटवर्थचं जेल उभं केलं त्यानेच नेबर्समधली गल्ली, रॅमसे स्ट्रीट, वसवली, आणि तुम्ही म्हणता काळोख नंतर कोणीतरी बाहेरून आणला.

आणि अ कंट्री प्रॅक्टिस? खेड्यातला दवाखाना, वँडिन व्हॅली, फॅट्सो नावाचा वोम्बॅट, याहून गोड मालिका शोधून सापडणार नाही. त्याच मालिकेत १९८५ मध्ये मॉली जोन्स ल्युकेमियाने गेली, आणि तो सीन ज्यांनी पाहिलाय ते आजही विसरलेले नाहीत. मॉली अंगणात बसलीय, समोर नवरा ब्रेंडन आणि छोटी क्लोई पतंग उडवतायत, आपण ते मॉलीच्या नजरेतून बघतोय, आणि हळूहळू चित्र धूसर व्हायला लागतं, ब्रेंडन वळून बघतो, त्याच्या लक्षात येतं, तो तिला हाक मारत धावत सुटतो आणि सगळं काळं. ना हॉस्पिटलचा बेड, ना नळ्या, ना डॉक्टरांचं सॉरी. ऊन तसंच, पतंग तसाच. आता हे हलकंफुलकं म्हणायचं की डार्क, तुम्हीच सांगा, मला तर ऑस्ट्रेलियन सोप म्हणजे नेमकं हेच वाटतं, दोन्ही एकाच फ्रेममध्ये.

होम अँड अवे तर मुळातच दुखण्यावर उभी आहे. १९८८ मध्ये सुरू झाली तेव्हा गोष्ट काय होती? टॉम आणि पिपा फ्लेचर हे जोडपं, सोबत सांभाळायला घेतलेली पोरं, ज्यांना स्वतःचं घर उरलेलं नाही अशी, आणि हे सगळे शहर सोडून समुद्रकाठच्या समर बे गावातल्या कॅरव्हॅन पार्कमध्ये येतात. त्यातल्या कार्लीवर बलात्कार होतो तो सुरुवातीच्याच काळात. दुकान चालवणारी प्रेमळ आयल्सा, तिने छळ करणाऱ्या बापाला मारून जेल भोगलेलं असतं. टॉम १९९० मध्ये गाडी चालवताना हार्ट अटॅकने गेला, बॉबी १९९३ मध्ये बोटीच्या अपघातानंतर. शूटिंग होतं त्या पाम बीचची ती निळी लाट टायटलमध्ये दिसते म्हणून कोणाला ती बीचवरची पिकनिक वाटली असेल तर तो दोष टायटलचा.

मग ही समजूत आली कुठून? माझ्या मते नेबर्समधल्या स्कॉट आणि शार्लीनच्या लग्नातून. काइली मिनोग, जेसन डोनोव्हन, १९८७ चं ते लग्न, ब्रिटनमध्ये पुढच्या वर्षी जवळपास २ कोटी लोकांनी पाहिलं, आणि तेव्हापासून नेबर्सवर काहीही कार्यक्रम असला की तीच क्लिप. पण १९८८ मध्येच डॅफ्नी क्लार्क मेली, कार अपघात, कोमा, मागे नवरा आणि तान्हं बाळ, ती क्लिप कोण कशाला दाखवेल? तीस वर्षं लग्नाचाच अल्बम चाळला की घरात कोणी गेलंच नाही असं वाटणारच.

'माणसं मारतात ती फक्त टीआरपीसाठी'

काही वेळा हो, अगदी सरळ हो. नंबर ९६ चा बॉम्ब हा घसरते आकडे वर काढायलाच फोडला होता, आणि तो अंगलटही आला कारण लोकांची आवडती माणसंच गेली. पण बऱ्याच मृत्यूंचं कारण इतकं बोअरिंग असतं की त्यावर कोणी पोस्ट टाकत नाही. ॲक्टरला सोडायचं असतं. मॉलीचं काम करणाऱ्या ॲन टेनीला बाहेर पडायचं होतं. नेबर्समधला जिम रॉबिन्सन १९९३ मध्ये गेला कारण त्याचं काम करणारा ॲलन डेल आणि निर्माते यांचं पैशावरून फाटलं. आठवड्याला पाच एपिसोड, वर्षानुवर्षं, एवढ्या काळात माणसं येणार-जाणार, आणि सगळ्यांनाच ब्रिस्बेनला नोकरी लागली असं किती वेळा दाखवणार? (तेही भरपूर दाखवलंय म्हणा.)

बरं, मारलं तरी मेलंच असं कुठाय! नेबर्समधलाच हॅरॉल्ड बिशप १९९१ मध्ये समुद्रात वाहून गेला, खडकावर फक्त चष्मा सापडला, आणि १९९६ मध्ये हा बाबा साल्व्हेशन आर्मीत टेड नावाने हजर, स्मृती गेलेली. डी ब्लिस २००३ मध्ये टोडीशी लग्न झालं त्या दिवशीच गाडीसकट कड्यावरून खाली, २०१७ मध्ये आधी तिच्यासारखीच दिसणारी एक बया आली आणि मग २०१९ मध्ये खुद्द डी. आपल्याकडच्या मालिकांना स्मृतिभ्रंशावरून हसणाऱ्यांनी हे जरा नोंद करून ठेवा.

टीआरपीवरूनच तक्रार करायची तर मी सांगतो कुठली करा. २०१२ मध्ये रॅमसे स्ट्रीटवर कपूर कुटुंब राहायला आलं, अजय, प्रिया आणि त्यांची मुलगी राणी, आणि तेव्हा ऑनलाइन काही लोकांनी नको नको ते लिहिलं, ही माणसं आमच्या गल्लीत कशाला वगैरे. २०१३ मध्ये टोडी आणि सोन्याच्या लग्नाच्या मांडवात स्फोट झाला (टोडीच्या लग्नाचं आमंत्रण आलं तर आहेर पाठवा, स्वतः जाऊ नका), त्यात प्रिया गेली आणि त्याच वर्षी अजय आणि राणीही गायब. अजय साकारणारा सचिन जोआब त्यानंतर ऑस्ट्रेलियन टीव्हीवरच्या गोऱ्या कास्टिंगबद्दल उघड बोलला. इथे प्रॉब्लेम मृत्यू दाखवला हा नाहीये, प्रॉब्लेम हा की दुःख करत बसायला त्या घरातलं कोणी मालिकेत ठेवलंच नाही. सोपमध्ये मरण नाही तर मागे राहिलेली माणसं महत्त्वाची असतात, आणि तीच कट केली. पुढे २०२३ मध्ये हॅझ देवकर नावाचं कॅरेक्टर आलं, ॲक्टर शिव पालेकर, आणि रॅमसे स्ट्रीटवर देवकर ऐकून मला जो आनंद झाला तो सांगून कोणाला पटणार नाही.

'हे सगळं अतर्क्य, खऱ्या आयुष्यात असं होत नाही'

अर्धं मान्य. २००५ च्या विमान अपघातात बॉम्ब होता, २०१६ मध्ये लॅसिटर्स हॉटेलात स्फोट, वादळ, आग, रॅमसे स्ट्रीट जिथे आहे त्या एवढ्याशा एरिन्सबरोत इतकं घडतं की तिथे कोणी विमा कंपनी टिकणार नाही. हे स्फोटवाले प्रकार मलाही आवडत नाहीत, दोन आठवडे नुसती धावपळ आणि मग पुढचा विषय.

पण सगळं एकाच पोत्यात कोंबू नका. त्या विमानाने हॅरॉल्डचा मुलगा, सून आणि नात नेली, आणि त्यानंतरचा हॅरॉल्ड, तो गोड, चर्चमध्ये जाणारा, ट्यूबा वाजवणारा म्हातारा, असा कडवट झालेला बघवत नव्हता. विमान फालतू, दुःख खरं. हॅरॉल्डच्या बायकोला, मॅजला, पँक्रियासचा कॅन्सर, स्कॉटची आजी हेलन डॅनियल्स झोपेत गेली स्कॉट-शार्लीनच्या लग्नाचा व्हिडिओ बघून झाल्यावर. सोन्या २०१९ मध्ये ओव्हरियन कॅन्सरने गेली, बीचवर, टोडीच्या कुशीत, त्यांची छोटी नेल जवळच. होम अँड अवेतला शेन १९९६ मध्ये रक्तात इन्फेक्शन होऊन गेला, धट्टाकट्टा तरुण पोरगा, बायको शेजारी बसलेली. यातलं काय होत नाही खऱ्या आयुष्यात? कुठल्याही मोठ्या कुटुंबात पस्तीस वर्षं डोकावून बघा.

'पोरं बघतात त्या वेळेला असलं दाखवतात'

दाखवत नाहीत, हाच तर मुद्दा. संध्याकाळी साडेसहा-सातचा स्लॉट, रेटिंग जी (सगळ्यांसाठी) किंवा पीजी (मोठ्यांच्या देखरेखीत), रक्त दाखवायची सोयच नाही. म्हणून जिम रॉबिन्सन स्वयंपाकघरात एकटा कोसळतो आणि आपल्याला फरशीवर गडगडत जाणारी संत्री दिसतात. रात्री नऊनंतरची मालिका असती तर हे सुचलं नसतं.

'म्हणून नेबर्स बंद पडली'

हे तर साफ खोटं. नेबर्सचा बराचसा खर्च ब्रिटनचं चॅनल ५ उचलत होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी थांबतो म्हणून जाहीर केलं, मालिका बनवणाऱ्या फ्रीमँटल कंपनीला दुसरा ब्रिटिश चॅनल मिळाला नाही, आणि २८ जुलै २०२२ ला शेवटचा एपिसोड लागला. ऑस्ट्रेलियात ती २०११ पासूनच टेन नेटवर्कच्या मुख्य चॅनलवरून डिजिटल चॅनलवर ढकललेली होती, तेव्हापासून तिथल्या प्रेक्षकांवर तिचं पोट भरत नव्हतं. मग ॲमेझॉनने २०२३ मध्ये परत सुरू केली आणि २०२५ च्या डिसेंबरमध्ये तीही संपली, पुन्हा कारण तेच, पैसे देणारा गेला. आणि हो, सगळ्यात आधी तिला बंद कोणी केलं होतं माहितीये? सेव्हन नेटवर्कने, १९८५ मध्ये, पहिल्याच वर्षी, डॅफ्नी मरायच्या तीन वर्षं आधी, सगळं ऊनच ऊन असताना. टेनने उचलली म्हणून वाचली.

तेच सेव्हन १९८८ पासून होम अँड अवे चालवतंय, बलात्कार, कॅन्सर, भोसकाभोसकी, गोळीबार सगळ्यासकट, आणि रे मीगरचा आल्फ स्ट्युअर्ट पहिल्या एपिसोडपासून तिथेच आहे, बायको आयल्साला २००० मध्ये पुरून आलेला, अजून सगळ्यांवर खेकसतोय.