सहाला निघायचं म्हणजे निघायचं!

जवळपास कुठंतरी घरच्यांना घेऊन एक दिवस फिरून यावं, सकाळी जायचं न संध्याकाळी परत, असं तुमच्या मनात आलं असेल तर आधी अभिनंदन घ्या, कारण कास्तकाराच्या डोक्यात हा विचार यायला वर्षात जागाच नाही. पेरणीत जमत नाही, निंदण-फवारणीत जमत नाही, सोयाबीन सोंगायला आलं की मजूर मिळत नाही, कापूस फुटला की वेचायला बाया मिळत नाहीत, आणि एप्रिल-मेमध्ये वावर मोकळं असतं तेव्हा पारा ४५ च्या वर जाऊन बसलेला असतो, माणूस कूलरसमोरून उठत नाही. मग राहतो नोव्हेंबर-डिसेंबरातला एखादा रविवार, तोही हरभऱ्याच्या पाण्यातून सवड झाली तर. एवढ्या मुश्किलीनं सापडलेला दिवस वाया जाऊ नये म्हणून थोडं मार्गदर्शन करतो. फी नाही.

सगळ्यात आधी ठिकाण. ते फॅमिली ग्रुपवर ठरवायचं आणि जो जे सुचवेल ते हाणून पाडायचं. घरातलं शिकलेलं पोट्टं लोणार म्हणेल, सांगेल की उल्का पडून बेसाल्टात झालेलं विवर आहे, जवळपास १.८ किलोमीटर रुंद, २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं, त्याच वर्षी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आलं. त्याला एवढंच विचारा, "आता हाये का गुलाबी? नाही ना, मंग?" विषय संपला. कोणी ताडोबा म्हणालं तर आणखीच सोपं, मंगळवारी बंद, पावसाळ्याचे जुलै ते सप्टेंबर तीन महिने कोअर बंद, आणि उरलेल्या दिवसांसाठी आधीपासून ऑनलाइन बुकिंग करून ठेवावं लागतं, आपल्या घरात संध्याकाळी कोणती भाजी करायची ते दुपारपर्यंत ठरत नाही. राहिलं सेवाग्राम. १९३६ मध्ये गांधीजी तिथं राहायला आले, बापू कुटी अजून जशीच्या तशी आहे, मातीच्या भिंती, वर कवेलू. यावर मोठेबाबा जे म्हणतात ते तुम्हीही पाठ करून ठेवा, "आपलं मातीचं घर पाडून आत्ताच स्लॅब टाकला, न डिझेल जाळून दुसऱ्याचं मातीचं घर पाहाले जाऊ काय?" याला उत्तर नाही, मी शोधून पाहिलं.

मग चिखलदरा ठरतं. चिखलदरा आधीपासूनच ठरलेलं असतं, बाकीची नावं फक्त लोकशाहीसाठी. विदर्भातलं एकच थंड हवेचं ठिकाण, उंची १,११८ मीटर, कॉफीची झाडं, ढग, दऱ्या, आणि घरातला प्रत्येक जण आधी जाऊन आलेला, त्यामुळं पाहायचं टेन्शन कोणाला नाही. फक्त मौसम नीट निवडा. ऑगस्टमध्ये गेलात तर धुकं इतकं असतं की दरी आहे का रस्ता ते समजत नाही, मग म्हणायचं "काहीच दिसलं नाही बाप्पा". डिसेंबरमध्ये गेलात तर दरी स्वच्छ दिसते पण धबधब्याला धार नसते, मग म्हणायचं "पावसाळ्यात याले पाह्यजे होतं". दोन्ही वाक्यं बारा महिने चालतात, गाडीत बसल्या बसल्या म्हणून घेतली तरी हरकत नाही.

गाडी नऊ सीटची सांगायची आणि माणसं चौदा बसवायची. लहान पोट्ट्यांना माणसात धरत नाहीत, हा नियम ड्रायव्हरला मान्य नसतो पण त्याला विचारतं कोण. पुढची सीट भाटव्यांची, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याची. भाटवे रस्ता सांगतात, रस्ता एकच असला तरी.

आता मुख्य गोष्ट, टाइम. सकाळी सहाला निघायचं म्हणजे निघायचं, असं आदल्या रात्री तीन वेळा मोठ्यानं म्हणा, दर वेळी आवाज चढवून. त्यानंतर तुम्ही झोपा. घरच्या बाया उठतील तीनला, कारण सोबत जे न्यायचं त्याची यादी तुम्ही झोपायच्या आधी सहज बोलून ठेवलेली असते: रोडग्यांची, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायच्या गोळ्यांची, जाडसर कणीक, तुरीची डाळ, वावरातले वांगे, तुपाचा डबा, मिरचीचा ठेचा, पोतंभर गोवऱ्या, जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, दोन गंज, कोपर, पाण्याच्या कॅना, सतरंजी, आणि मधल्या वेळात लागलं तर असावं म्हणून चिवडा न पुऱ्या. तुम्ही साडेपाचला उठून "चाय झाला काय?" एवढं विचारायचं. आंघोळ, तंबाखू-सुपारीचा खर्रा, गाडीच्या भोवती एक चक्कर, टायरला एक लाथ, झालं तुमचं. साडेआठला गाडी हलली की पुढच्या सीटवरून मागं मान वळवून म्हणायचं, "सहाले निघनार होतो, पन बायाइचं आवरतच नाही." हे वाक्य विसरू नका. याच्याशिवाय ट्रिप सुरू झाली असं धरत नाहीत.

कोणी विचारेल की चिखलदऱ्याला हॉटेलं आहेत, जेवण मिळतं, मग एवढा संसार कशाला लादला? तर बाहेरच्या खाण्यानं पोट बिघडतं म्हणून. हे कारण सांगता सांगता परतवाड्याला गाडी थांबवा आणि उभ्या उभ्या आलूबोंडा-रस्सा, त्यावर कचोरी, त्यावर मिरची भजे, वरून चहा असा नाश्ता करा. बाया गाडीतच बसतील. त्यांना विचारायचं, "तुमाले काही पाह्यजे काय?" असं, की त्या "नाही" म्हणतील.

परतवाड्याच्या पुढं घाट लागायच्या आधी एक युक्ती सांगतो, ती नीट समजून घ्या, सगळ्या ट्रिपची किल्ली इथं आहे. वर मेळघाटचं जंगल, देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, तिथं तुम्ही कुठंही गोवऱ्या पेटवून बसाल तर वनखातं तुमचाच रोडगा करेल. म्हणून चूल घाटाच्या खाली, कोण्या सोयऱ्याच्या वावरात आंब्याखाली. आणि रोडग्याला दोन-अडीच घंटे लागतात. म्हणजे हिशोब असा बसतो की बायांना सामानासोबत खालीच उतरवायचं, आपण वर पॉइंट पाहून येईपर्यंत स्वयंपाक तयार. वेळ वाचतो, गाडीत जागा होते, आणि घाटात बायांना मळमळ होत नाही, म्हणजे एका परीनं त्यांचीच सोय. त्यांनाही विचारायचं बरं का, आपल्या घरात जबरदस्ती नाही. "तुमी पाह्यलंच हाये ना चिखलदरा?" असं विचारायचं. मोठी आई लग्न झाल्यावर एकदा एसटीनं आली होती, ती "हाव" म्हणते.

फक्त एक वहिनी वर न्यायची. घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर पोट्टे ओकतात आणि प्लास्टिकची पिशवी धरायला कोणीतरी पाहिजे. भाटवे धरणार नाहीत, ते रस्ता सांगत असतात.

वर पोचल्यावर पॉइंट फटाफट उरकायचे, एकाला दहा मिनिटं पुष्कळ. भीमकुंडावर जाऊन पोट्ट्यांना सांगायचं की भीमानं कीचकाला मारून याच दरीत फेकलं, मग लगेच ओरडायचं, "मांगं व्हा बे, कठड्याले टेकू नका." देवी पॉइंटवर दर्शन, नारळ, माकडानं नारळ पळवणं, माकडामागं भाटव्यांनी पळणं. गाविलगड लांबूनच दाखवा. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांच्या वेलस्लीनं हा किल्ला घेतला, पुढं १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच, आणि या डोंगरात तोफा चढवायला त्याच्या फौजेचा घाम निघाला. तुमच्याजवळ तोफा नसल्या तरी पोटात आलूबोंडे आहेत, तेवढ्या वजनानिशी चढायचं काही कारण नाही. "किल्ल्यात काय हाये, पडकं हाये सारं," म्हणा न गाडीत बसा.

वाघाबद्दल पोट्टे विचारतीलच. प्रत्येक घरात वाघ पाहिलेला एक माणूस असतो, बहुतेक मामा असतो, त्याच्याकडं विषय सोपवा. वाघ दर वर्षी थोडा थोडा जवळ येतो, मागच्या वर्षी रस्त्याच्या पलीकडं होता, यंदा बोनेटवर पाय ठेवून गेला.

पंचबोल पॉइंटवर मात्र थांबा, तिथं काम आहे. तुम्ही गावातून निघताना वावरातली पाण्याची मोटर चालू राहिली की बंद केली हे तुम्हाला आठवत नसतं. आता मोबाइल स्टार्टर आहे, मोटरला फोन लावला की बंद होते, मोटर आपल्या पोराहून जास्त ऐकते, पण वर नेटवर्कची मर्जी. म्हणून एका हातात मोबाइल वर धरून, डोळे आकाशाकडं, दरीच्या काठाकाठानं फिरायचं. मागून घरचे ओरडतात, कोणाला वाटतं सेल्फी घेऊन रायले. शेवटी वैतागून गावातल्या सालदाराला, म्हणजे वर्षाच्या गड्याला, फोन लागतो, अर्धा, आणि तुम्ही जीव खाऊन ओरडता, "मोटर बंद कर रेऽऽ." समोरचा डोंगर म्हणतो बंद कर रे, त्याच्या पलीकडचा म्हणतो बंद कर रे, पाच वेळा. सालदाराला एकदाही ऐकू जात नाही. पॉइंटवर आलेले नागपूरचे लोक टाळ्या वाजवतात. हरभऱ्याचं काय व्हायचं ते होऊ द्या, सातपुड्यानं तुमचं म्हणणं ऐकून घेतलं, असं ऐकणारं आपल्या इकडं दुसरं कोण आहे.

फोटो राहिला. वहिनीला मोबाइल द्यायचा आणि सगळ्यांनी दरीकडं पाठ करून उभं राहायचं. ती एकटीच वर आली, तीच फोटोत नाही, असं नंतर एखाद्याच्या लक्षात येईल, त्याला सांगा, "आता खाली जाऊन घेऊ ना सगळ्याइचा." उतरताना वाटेतल्या मोथा गावात खवा घ्या. उतरताना पोट्टे परत ओकतात, पण पिशवी धरणारी अनुभवी झालेली असते.

खाली येईपर्यंत तीन वाजलेले. इथं मात्र तुम्हाला खरं काम करायचं आहे, लक्ष द्या. आंब्याखाली जगरा फुललेला असतो, वरची ज्वाळ बसून गोवऱ्या आतून लाल झालेल्या, त्यात रोडगे पुरलेले. मोठी आई बिनचिमट्यानं, हातानंच एकेक उलटवत असते, बोटं झटकते, परत घालते, तिच्या बोटांच्या टोकांना आता काही लागत नाही किंवा लागलं तरी ती सांगत नाही. एकीकडं गंजात वांग्याची भाजी रटरटते, वर लाल तर्री, दुसरीकडं वरण. काकू एका फडक्यात भाजलेले रोडगे टाकून झोडते, राख उडते, तिच्या केसांवर बसते. अशा वेळी तुम्ही पुढं व्हा. "सरका, मी करतो" म्हणा. एक काडी घ्या, एक रोडगा या कुशीवरून त्या कुशीवर करा, पोट्ट्याला व्हिडिओ काढायला लावा, चटका बसल्याचं तोंड करा, झालं. स्टेटसला टाका, "आज रोडगे आपल्या हातचे". संध्याकाळपर्यंत गावातले चाळीस लोक अंगठा दाखवतात, नागपूरचा साडू तर विचारतो, इतकं सारं कुठं शिकले?

पंगत आधी पुरुषांची न पोट्ट्यांची, कारण पुरुष फिरून थकलेले असतात. रोडगा फोडायचा, तुपात बुडवायचा, भाजीत कुस्करायचा, पहिल्या घासाला डोळे मिटायचे, दुसऱ्या घासाला म्हणायचं, "मीठ उलसक कमी झालं." सहा-सात रोडगे झाल्यावर पोटाला हात लावून "आता बस, जागाच नाही" म्हणत आणखी दोन घ्यायचे. मग सतरंजीवर आंब्याच्या सावलीत आडवं व्हायचं. बाया जेवायला बसतात तेव्हा तूप संपलेलं असतं, पण त्यांना कोरडा रोडगा आवडतो, त्यांनीच सांगितलं. तुम्ही घोरत असता तेव्हा त्या नालीवर राखेनं गंज घासून घेतात, गाडीत घाण नको म्हणून.

रात्री नऊला घरी. हिशोब त्याच रात्री करून टाका, दुसऱ्या दिवशी भाटवे निघून जातात. हिशोब सोपा आहे. डिझेल, ड्रायव्हर, परतवाड्याचा नाश्ता, नारळ, खवा हे लिहायचं. खर्रा किरकोळमध्ये दाखवायचा. कणीक, डाळ, वांगे, तूप, गोवऱ्या घरच्या, तिथं शून्य. स्वयंपाक, भांडी, पिशवी धरणं घरचंच, तिथंही शून्य. बेरीज केली की ट्रिप एकदम स्वस्तात पडलेली दिसते, इतक्या स्वस्तात की डिसेंबर संपता संपता बहिरमची यात्रा भरलेली असते तिथंही जाऊन येऊ असं लगेच ठरतं. हंडीचं मटण तिथंच मिळेल, रोडगे घरून नेऊ. सहाला निघायचं म्हणजे बायांना अडीचला उठवा, या वेळी उशीर नको.