प्रायव्हसी जपायची आहे? मग एवढं कराच

भावांनो, पहिल्यांदा मनाशी पक्कं करा की आपलं चॅट कुणाच्या बापाला वाचता येत नाही. चॅटच्या वरच लिहिलेलं असतंय ना, एंड-टू-एंड एनक्रिप्टेड, बास, तेवढं वाचायचं आणि निवांत झोपायचं. खोटं नाही ते, २०१६ पासून व्हॉट्सॲपचा मेसेज तुमच्या फोनमधनं कुलूपबंद निघतोय आणि थेट विश्रामबागच्या पाहुण्याच्या फोनवर उघडतोय, मधी कंपनीला पण वाचता येत नाही.

आता एवढा बंदोबस्त झाल्यावर आपण काय करायचं, तर त्याच गप्पांची अख्खी कॉपी रोज रात्री गुगल ड्राइव्हवर चढवायची. त्या बॅकअपला असलं कुलूप आपोआप लागत नाही, ते सेटिंगमध्ये जाऊन आपणच लावायचं असतंय, २०२१ पासून सोय आहे. पण तिकडं फिरकू नका. पासवर्ड लक्षात ठेवायला लागतोय नाहीतर ६४ अंकी किल्ली, आणि हरवली तर कंपनी पण काढून देत नाही, कोण ताप करून घेणार! सांगलीजवळ हरिपूरला जुनी माणसं हळद पेवात, म्हणजे जमिनीतल्या खोल खड्ड्यात, घालून तोंड बंद करून टाकायची, तुम्ही पेव बंद करा आणि तेवढ्याच हळदीचा दुसरा ढीग रस्त्यावर ओतून ठेवा, म्हणजे मार्क झुकरबर्ग चोरतोय म्हणून बोंबलायला मोकळे.

आणि समजा एखाद्या शहाण्यानं लावलंच कुलूप, तरी काळजी नको, भावकीच्या ग्रुपमधल्या बाकीच्यांच्या बॅकअपमध्ये त्याचं सगळं बोलणं आहेच की.

व्हॉट्सॲपचा राग आला तर टेलिग्रामवर जा. २०२१ च्या जानेवारीत नवी पॉलिसी आली तेव्हा गेलाच होता की सगळे. तिथं साधं चॅट कंपनीच्या सर्व्हरवर साठतंय, एंड-टू-एंड फक्त सीक्रेट चॅटला, ते पण दोघांतच, ग्रुपला नाहीच. म्हणून जमिनीच्या वाटणीचं बोलणं तिथल्या ग्रुपवरच करा, नावात 'सीक्रेट' घातलं की झालं. सिग्नल ॲपच्या मात्र नादाला लागू नका. २०१६ ला अमेरिकेत सरकारनं त्यांच्याकडं माहिती मागितली तर खातं कधी काढलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, एवढंच निघालं. असल्या भिकार ॲपवर आपले पाहुणे नाहीत, मग सकाळी गुड मॉर्निंगचं फूल पाठवायचं कुणाला?

मजकूर बंद आहे म्हटल्यावर कोण कुणाशी, कधी, किती वेळा बोलतंय याची नोंद व्हॉट्सॲप कंपनीकडं राहिली तर राहू दे. रात्री साडेबाराला कुणाला किती मेसेज गेले, यावरनं कुणाला काय कळणार आहे? (घरातल्यांना कळतंय, ती गोष्ट वेगळी.)

राहता राहिली कागदपत्रं. २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे, तर तो हक्क घेऊन सरळ झेरॉक्सच्या दुकानात जायचं. भिंतीवर लिहिलेल्या नंबरवर आधार, पॅन, पासबुक, बायकोचं आधार, सगळं पाठवायचं. मेसेज कडक एनक्रिप्ट होऊन जातोय आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब सकाळपासनं उघडंच असतंय, डाउनलोडच्या फोल्डरमध्ये तुमच्या शेजारी अख्खी गल्ली. प्रिंट हातात पडली की आठवणीनं 'डिलीट फॉर एव्हरीवन' दाबायचं, फाइल तिथं तशीच राहतीय पण आपल्याला बरं वाटतंय, आणि सुट्टे नसतील तर जीपे करायचं.