डोकं फिरलेले दिवे

माणसाने इलेक्ट्रिकलची पदवी घ्यावी, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत नोकरीही करावी, पण आपण राहतो त्या कॉलनीत या गोष्टीचा बोभाटा होऊ देऊ नये. इंदिरानगरात माझा झाला. तेव्हापासून कुणाचा गिझर कोमट पाणी देऊ लागला, कुणाची बेल आपोआप वाजली, कुणाच्या मिक्सरमधून चटणीऐवजी ठिणग्या निघाल्या, की पहिला फोन मला. कारखान्यात माझ्याकडे ३३ केव्हीचं सबस्टेशन असतं आणि घरचा पंखा दुरुस्त करायला मीसुद्धा वायरमनलाच बोलावतो, हे मी सांगून पाहिलं. लोक त्याला विनय समजतात.

यंदा गणपतीआधीच्या मीटिंगमध्ये अध्यक्षांनी जाहीर केलं, "आपल्या मंडळाने शार्पी घेतल्यात."

"भाड्याने?" कुणीतरी विचारलं.

"भाड्याने घ्यायला आपण काय ऐरेगैरे आहोत? विकत. आठ नग. मुंबईच्या एका पार्टीने काढल्या, पडत्या भावात मिळाल्या."

'पडता भाव' ऐकून खजिनदारांनी डोळे मिटून घेतले. अध्यक्ष माझ्याकडे वळले. "आणि लावायला आपले साहेब आहेतच!"

गंगापूर रोडच्या लॉन्सवर लग्न असलं की लांबून आभाळात पांढरे झोत इकडून तिकडे फिरताना दिसतात ना, ती शार्पी. खाली बैठक, बैठकीला दोन दांडे आणि दांड्यांच्या मधे लटकलेलं डोकं. डोक्यात आत दाबलेल्या वायूतून उजेड देणारा २३० वॉटचा डिस्चार्ज दिवा, रंगांची चकती, नक्षीची चकती, प्रिझम, आणि हे सगळं फिरवायला चिमुकल्या मोटरी. डोकं आडवं ५४० अंश फिरतं, म्हणजे दीड गिरकी, आणि उभं २७० अंश. असे फिरते दिवे मोठ्या मंचावर पहिल्यांदा आणले ते १९८१ मध्ये 'जेनेसिस' या इंग्रजी बँडने. दिवे बनले होते अमेरिकेतल्या डॅलसला आणि बँडने त्यात स्वतःचे पैसे घातले होते. आमच्या मंडळाने वर्गणीचे घातले.

माझा रंगमंचावरच्या दिव्यांशी संबंध कॉलेजातला. राज्य नाट्य स्पर्धेला साईखेडकर नाट्यगृहात मी डिमरवर बसलो होतो. दांडी वर केली की उजेड, खाली केली की अंधार. नट वाक्य विसरला तर सावकाश अंधार. यापलीकडे त्या शास्त्राने माझ्याकडून काही मागितलं नाही.

शार्प्यांचा टेम्पो इंदिरानगरच्या बोगद्यापाशी ट्रॅफिकमध्ये अडकला आणि भर दुपारी मंडपात पोचला. पोरांनी उत्साहाने आठही दिवे पेट्यांतून काढून स्टेजच्या कडेला मांडले, तोंडं वर करून, म्हणजे काचा पुसायला बऱ्या. मी सांगितलं, "बाळांनो, तोंडं खाली करा. उन्हात यांचं तोंड वर ठेवायचं नसतं."

"का काका, काळे पडतील?" पोरं खदखदली आणि वडापाव खायला गेली. मीही मंडपवाल्याला शोधायला गेलो.

भाद्रपदातलं ऊन. परत येतो तोच एक पोरगा ओरडत आला, "काका, सहा नंबर जळतोय!"

"मेन बंद कर!"

"मेन बंदच आहे!"

"मग वायर काढ!"

"वायर लावलेलीच नाही काका!"

खरंच, समोर कुठेही न जोडलेला एक दिवा शांतपणे धूर सोडत होता. भोवती माणसं जमली होती आणि सगळे माझ्याकडे बघत होते, कारण विजेशिवाय विजेचा दिवा का जळतो हे सांगायची जबाबदारी इलेक्ट्रिकलवाल्याचीच. मी पंचा टाकून काच झाकली. जी काच आतला उजेड बारीक झोत करून बाहेर फेकते, तीच बाहेरचं ऊन गोळा करून आत एका ठिपक्यावर आणते. चांगल्या दिव्यांच्या माहितीपुस्तकात हे ठळक छापलेलं असतं, फक्त पडत्या भावाच्या मालाबरोबर पुस्तक येत नाही. उघडून बघितलं तर आतल्या वायरींची आवरणं वितळून एकमेकींना चिकटली होती.

"वॉरंटी?" अध्यक्षांनी विचारलं.

"सूर्याविरुद्ध नसते."

ज्या नाशकात दादासाहेब फाळक्यांनी सूर्याच्या भरवशावर मूकपट काढले, त्याच नाशकात त्याच सूर्याने आमची शार्पी काढली. सहा नंबरची मान त्या दिवशी जी खाली गेली, ती विसर्जनापर्यंत वर आली नाही. बाकी तो उत्तम चालायचा. फक्त जे काही दाखवायचं ते जमिनीवर दाखवायचा.

आता टांगणं. आमच्या मंडपवाल्याचा बांबूवर विश्वास आहे आणि बांबूपेक्षा जास्त सुतळीवर. ॲल्युमिनियमचा ट्रस, म्हणजे दिवे टांगायचा जाळीदार सांगाडा, भाड्याने आणायचा म्हटल्यावर त्याला वैयक्तिक अपमान वाटला. "साहेब, याच सुतळीवर आपण मागच्या वर्षी अख्खा केदारनाथ उभा केला होता." मी म्हटलं, केदारनाथ थर्माकोलचा होता. हा प्रत्येकी वीसेक किलोचा ऐवज आहे, तो चालू असताना मान झटकतो आणि त्याच्या खाली दुसरीच्या मुली गवळण करणार आहेत. शेवटी ट्रस आला, क्लॅम्प आले. मग स्टीलच्या सेफ्टी वायरवर गाडी अडली.

"ही कशाला? क्लॅम्प आहे ना?"

"क्लॅम्प सुटला तर."

"मग क्लॅम्पच नीट लावतो ना."

यावर तर्कशास्त्रात उत्तर नाही. मी एकेक वायर स्वतः ट्रसमधून ओवून दिव्याच्या कडीला लावली. मंडपवाल्याने मला बरं वाटावं म्हणून वरून सुतळीही बांधली. ती मान फिरण्याच्या वाटेत येत होती म्हणून रात्री गुपचूप कापून टाकली.

टांगल्यावर खरी गंमत सुरू झाली, ती पत्त्यांची. या दिव्यांना ऑपरेटरच्या बटणांच्या बोर्डावरून जी आज्ञा जाते तिची भाषा डीएमएक्स ५१२, १९८६ पासून चालत आलेली. एका वायरीत ५१२ चॅनेल, प्रत्येकात शून्य ते २५५ मधला एक आकडा. आमच्या एका शार्पीला सोळा चॅनेल लागतात : आडवं फिरायला एक, त्यातल्या बारकाव्याला आणखी एक, रंगाला एक, नक्षीला एक, असं करत सोळा. म्हणून पहिल्या दिव्याचा पत्ता, म्हणजे त्याच्या पहिल्या चॅनेलचा नंबर, १, दुसऱ्याचा १७, तिसऱ्याचा ३३, आणि असंच चढत आठव्याचा ११३. हा पत्ता दिव्याच्या बैठकीवरच्या छोट्या पडद्यावर बटणं दाबून भरायचा. दिवे उलटे टांगलेले, त्यामुळे पडदाही उलटा. मी शिडीवर, मान वाकडी, एका हाताने ट्रस धरलेला, दुसऱ्या हाताने 'मेनू' दाबतोय आणि खालून समितीचे सभासद मार्गदर्शन करतायत.

"साहेब, सगळ्यांना एकच नंबर द्या ना. सोपं पडेल."

एकच पत्ता दिला की सगळे दिवे एकसारखंच वागतात, हे मी वरून ओरडून सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "मग चांगलंच आहे की!" त्यांना ही सगळी यंत्रणाच आवडली होती. विशेषतः मी जेव्हा सांगितलं की डीएमएक्समध्ये बोर्ड फक्त हुकूम सोडतो, दिव्याला उलट बोलायची सोय नसते, तेव्हा त्यांनी मागे वळून सभासदांकडे एक नजर टाकली.

वायर पुरेना, तर साउंडवाल्याने माइकची वायर काढून दिली. यात त्याचा दोष नाही. मूळ नियमात डीएमएक्सला पाच पिनांचा कनेक्टर सांगितलाय, पण बाजारातले निम्मे दिवे तीन पिनांचे असतात आणि तोच कनेक्टर माइकला असतो. तो छान बसतो. बसला की पहिले चार दिवे ऐकतात आणि पुढचे अधूनमधून आचके देतात. डीएमएक्सची वायर वेगळी असते, साधारण १२० ओहमच्या हिशोबाची, आणि शेवटच्या दिव्यावर तेवढ्याच ओहमचा एक रेझिस्टर दोन आणि तीन नंबरच्या पिनेत लावायचा असतो. मी एमजी रोडवरून योग्य वायर आणली आणि दोन रुपयांचा रेझिस्टर आणला. वायरीचं बिल बघून खजिनदार गप्प राहिले. रेझिस्टरपाशी अडले.

"याचं बिल?"

"दोन रुपयांचं बिल कोण देतं हो?"

"मग हा कशासाठी, ते तरी नोंदवायला सांगा."

मी सांगितलं, की निरोप वायरीच्या टोकाला पोचला की तिथून उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्या निरोपांत घुसतो. हा रेझिस्टर त्याला टोकालाच जिरवतो.

खजिनदारांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे ट्रॅफिकचं द्वारकेच्या चौकात होतं तसं."

"अगदी तसंच."

"तिथे का नाही लावत?"

रेझिस्टर लावला आणि आचके थांबले. एवढ्या सगळ्या लटांबरातली पहिल्या झटक्यात पटलेली आणि पहिल्या झटक्यात चाललेली वस्तू ती एकच.

कार्यक्रमाच्या रात्री बोर्डावर बसायला सातपूरहून एक मिसरूड फुटलेला ऑपरेटर आला. बोर्डाच्या बटणांवर त्याची बोटं अशी चालत होती की मला माझ्या पदवीबद्दल संशय आला. कुठल्याही प्रश्नाला त्याचं एकच उत्तर : "होऊन जाईल काका." त्याने दिवे एकेक करून पेटवले, कारण आठही एकदम पेटवले तर एमसीबी पडतो. प्रत्येक डोकं आपली हद्द तपासायला या टोकापासून त्या टोकापर्यंत गर्रकन फिरलं. पहिल्या रांगेतल्या आज्यांनी खुर्च्या मागे घेतल्या.

उद्घाटनाला ढोलपथक. नाशिक ढोल म्हणजे सांगायला नको, पहिल्या ठोक्याला खिडक्या थरथरतात. आणि पहिल्याच ठोक्याला पाच नंबरचा दिवा पिसाळला. लाल, निळा, वर, खाली, झगझग, झगझग. या दिव्यांत एक 'साउंड' नावाचा प्रकार असतो, पोटात माइक असतो आणि आवाज झाला की दिवा आपल्या मनाने नाचतो. मी शिडीवरून उतरल्यावर हौशी पोरांपैकी कुणीतरी वर जाऊन पाच नंबरला तो प्रकार लावून ठेवला होता. ढोल होईपर्यंत पब्लिकला वाटलं, काय योजना आहे! टाळ्या पडल्या. टाळ्यांनी तो अजून चेकाळला. मग प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले. ते हळू बोलले की पाच नंबर स्वस्थ, आवाज चढवला की थेट त्यांच्या डोळ्यांत. चार वाक्यांत पाहुण्यांना अंदाज आला आणि पर्यावरणावरचं उरलेलं भाषण त्यांनी कानात सांगावं अशा आवाजात पुरं केलं. कॉलनीच्या इतिहासातलं हे सर्वांत छोटं भाषण.

झोतांचं म्हणाल तर अध्यक्ष नाराज होते. "लॉन्सवर कशा दांड्या दिसतात! आपल्या दिसत नाहीत." दिसणार कशा? हवेत काहीतरी तरंगत असल्याशिवाय झोत डोळ्यांना दिसतच नाही. धूर लागतो. धुराचं मशीन आणलं होतं, पण मोकळं मैदान, वारा पश्चिमेचा. सगळा धूर स्टेज ओलांडून सरळ समोरच्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर. तिथल्या काकूंनी गॅलरीत येऊन विचारलं, काय जळतंय. पोरं म्हणाली, "काही नाही काकू, इफेक्ट आहे." काकूंनी खिडक्या लावून घेतल्या.

गवळण सुरू झाल्यावर आयांची शिष्टमंडळं बोर्डाशी. शार्पीचा झोत ताटाएवढा. तो पेंद्यावर असला की राधा अंधारात. "आमची चिऊ व्हिडिओत आलीच नाही!" चेहरे उजळायला साधे पार लाइट लागतात, हे मी मीटिंगमध्ये सांगितलं होतं. चार पार भाड्याने चारशे-पाचशेत मिळाले असते, पण त्यांना डोकं नसतं आणि ते फिरत नाहीत, म्हणून समितीने ते नामंजूर केले होते. शेवटी चेहऱ्यांवरचा उजेड कुठून आला, तर कँटीनच्या हॅलोजनचं तोंड वळवून.

आणि मग लाईट गेली.

दोन मिनिटांत परत आली. मैदानातल्या ट्यूब लागल्या, साउंड लागला, बटाटेवड्याच्या स्टॉलवरचा बल्बसुद्धा लागला. आठही शार्प्यांनी आपापली गिरकी पुरी केली आणि काळ्या ठिक्कर राहिल्या.

"साहेब! लाईट आली तरी लाईट का नाही?"

डिस्चार्ज दिवा तापलेला असताना विझला तर लगेच पेटत नाही. आतला दाब उतरावा लागतो, काही मिनिटं थंड व्हावं लागतं. मी हे समजावत असताना जो तो बोर्डाकडे येऊन "बटण दाबून बघा ना" म्हणत होता. ऑपरेटरने हाताची घडी घातली होती. "होऊन जाईल काका." अध्यक्षांनी माइक हातात घेऊन वेळ मारून न्यायला मंडळाचा इतिहास सांगायला सुरुवात केली, आणि तो १९९८ सालापर्यंत आला असताना एकेक करून दिवे पेटले. पाच नंबर सगळ्यात आधी.

आरतीला मात्र बहार आली. गुरुजींनी धूप घातला, वारा पडला होता, मंडपात उदाचा धूर भरला आणि सात पांढरे दांडे मूर्तीवर एकत्र येऊन उभे राहिले. आठवा जमिनीवर. अध्यक्षांनी माझा हात दाबला. "हेच पाहिजे होतं! आधी का नाही केलं?"

हिशोबाच्या मीटिंगमध्ये खजिनदारांनी रेझिस्टरचे दोन रुपये 'किरकोळ विद्युत' या खाती टाकलेले होते. अध्यक्षांनी प्रस्ताव मांडला, "साहेब, तुमच्या त्या एका वायरीत एकूण किती बसतात?"

५१२ भागिले १६, ३२. पाहुणचाराच्या चहापुढे बसलेल्या माणसाने सरळ भागाकाराला नाही म्हणणं शक्य नसतं.

"म्हणजे अजून चोवीसची जागा आहे," अध्यक्ष म्हणाले.

सभेत शांतता पसरली. सगळ्यांनी आशेने खजिनदारांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, वही उघडली आणि मला विचारलं, "बत्तीस दिव्यांना ते रेझिस्टर किती लागतील?"

"एकच. शेवटच्या दिव्याला."

"मग परवडतंय," म्हणाले आणि सही केली.