शोशोला मारलं कुणी?

शनिवारी रात्री नंदनच्या घरी आम्ही ‘पिकॅडिली’ पाहिला. रविवारी सकाळी कट्ट्यावर चहा यायच्या आत सुहास सुरू झाला.

“शेवटी मारलीच ना तिला! चिनी मुलगी गोऱ्या माणसाच्या जवळ गेली की तिनं मेलंच पाहिजे. ठरलेलं असतं हे.”

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. 1929 सालचा ब्रिटिश मूकपट. दिग्दर्शक ई. ए. ड्युपाँ जर्मनीहून आलेला, पटकथा कादंबरीकार अर्नल्ड बेनेटची. लंडनमधला उंची नाइटक्लब, मालक विल्मॉट. एके रात्री एक गिऱ्हाईक बशी खरकटी आहे म्हणून आरडाओरडा करतं (तो चार्ल्स लाफ्टन, पुढे केवढा मोठा नट झाला). विल्मॉट भांडी घासायच्या खोलीत उतरतो, तर तिथे शोशो ही चिनी मुलगी (ॲना मे वाँग) टेबलावर चढून नाचतेय आणि बाकीच्या बायका काम सोडून बघत उभ्या आहेत. तो तिला हाकलतो. क्लबचा धंदा बसायला लागल्यावर तिलाच परत बोलावून रंगमंचावर उभी करतो. क्लबची जुनी नर्तिका मेबल (गिल्डा ग्रे) मागे पडते, विल्मॉट शोशोच्या मागे लागतो, आणि शोशोचा खून होतो. आळ मेबलवर येतो, पण मारलेलं असतं शोशोच्याच चिनी प्रियकरानं, जिमनं.

“मागे कोण लागतं ते नीट बघ,” मृणाल म्हणाली. “शोशो कुणाच्या मागे लागत नाही. नाचाचा पोशाख लाइमहाउसमधल्या, म्हणजे लंडनच्या तेव्हाच्या चिनी वस्तीतल्या दुकानातलाच हवा, म्हणून अडून बसते. भाव ऐकून मालकाचा चेहरा बदलतो, ही ढिम्म. काल भांडी घासणारी मुलगी आज अटी घालतेय. तुला त्यात फक्त बळी दिसतो?”

“अटी घालू दे की. शेवट तोच ना?”

नंदननं चुंबनाचा मुद्दा काढला. शोशो आणि विल्मॉट अगदी जवळ येतात आणि तेवढ्यात दृश्य तुटतं. गोरा नायक आणि चिनी नायिका यांचं चुंबन तेव्हा पडद्यावर चालत नसे. ॲना मे वाँग जन्मली आणि वाढली त्या कॅलिफोर्नियात तर अशा लग्नांना 1948 पर्यंत कायद्यानंच बंदी होती. ती लॉस एंजेलिसची, वडिलांची लाँड्री. हॉलिवूडमध्ये पुन्हा पुन्हा त्याच साच्यातल्या भूमिका मिळतात म्हणून कंटाळून 1928 मध्ये युरोपात गेली, आणि तिथल्या या सिनेमातही चुंबन नाहीच.

मला राहवेना. सुहास विसरत होता ते दारूच्या गुत्त्यातलं दृश्य. लाइमहाउसमध्ये शोशो आणि विल्मॉट एका गुत्त्यात बसलेत. एक गोरी बाई काळ्या माणसाबरोबर नाचायला लागते. मालक नाच थांबवतो, गर्दी अंगावर येते, त्या दोघांना बाहेर काढतात. कॅमेरा शोशो आणि विल्मॉटकडे वळतो. दोघांनाही कळलेलं असतं की हे आपल्याबद्दल आहे. 1929 मध्ये हे दाखवायला हिंमत लागते, असं मी अजूनही म्हणेन. शोशोला कुठला नियम मारणार आहे, ते हा सिनेमा आपल्याला आधीच नाव घेऊन सांगतो.

“मग तोच नियम मोडायची वेळ आली तेव्हा हात का आखडला?” सुहास म्हणाला. “आणि खून केला कुणी, तर चिनी जिमनं. गोरी मेबल सुटली, गोरा विल्मॉट सुटला. मारणारा चिनी, मरणारी चिनी. भलतीच सोय झाली!”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मेबल पर्समध्ये पिस्तूल घेऊन शोशोच्या घरी येते, आणि तरी कथा तिला अलगद बाजूला काढते, हे खरंच आहे.

देशपांडेकाका एवढा वेळ पेपर वाचत होते. “आपल्याकडे त्याच वर्षांत बघा,” ते म्हणाले. “सुलोचना. मूळची रूबी मायर्स, ज्यू, जन्म पुण्याचा. मुंबईच्या मूकपटांतली सगळ्यात मोठी तारका. तिला नायिका होता आलं, पण नाव बदलून.”

“काका, वाँगला नाव बदलूनही होता आलं नसतं,” मृणाल म्हणाली. “‘द गुड अर्थ’ या हॉलिवूडच्या सिनेमात चिनी शेतकऱ्याच्या बायकोची भूमिका होती. तीसुद्धा लुइझ रायनरला दिली, कारण नवऱ्याच्या भूमिकेत गोरा पॉल म्युनी होता. रायनरला ऑस्कर मिळालं. वाँगपुढे टाकली होती लोटसची, घर मोडणाऱ्या बाईची भूमिका. ती तिनं नाकारली.”

“मग माझंच म्हणणं झालं ना हे!”

“नाही रे. तू शोशोचा शेवट बघतोस. मी म्हणते, त्या सिनेमात पहिलं नाव गिल्डा ग्रेचं आहे, आणि आज ‘पिकॅडिली’ लोक कुणासाठी बघतात? ग्रे नाचते तेव्हा दिसतो नाच. शोशो टेबलावर चढते तेव्हा भांडी घासणाऱ्या सगळ्या बायका हातातलं काम विसरतात, आणि आपणही. ते बेनेटनं लिहिलेलं नाही. ते तिचं आहे.”

“तिचं आहे, मान्य,” सुहास म्हणाला. “म्हणून तर त्या पटकथेचा जास्त राग येतो.”

मृणालनं चहावाल्याला आणखी चार कटिंग सांगितले आणि जिमवर आली. विल्मॉटपुढे तो पोशाख आधी जिमच घालून दाखवतो, त्यात त्याचा अपमान आहे की नाही, यावर आता दोघांची जुंपली होती.