डार्विनला एका मिनिटात झोपवा

उत्क्रांतीवाद खोडून काढायचाय? अभ्यास नको, तो आड येतो. परवा लिफ्टमध्ये भेटलेल्या एका साहेबांनी पाचवा मजला यायच्या आत अख्खं जीवशास्त्र निकालात काढलं. ही विद्या सर्वांना मिळायला हवी.

सुरुवात हुकमी प्रश्नाने. ‘माणूस माकडापासून झाला, तर माकडं अजून कशी?’ विचारून लगेच हसा. नाहीतर समोरचा म्हणेल, आपला नि चिंपांझीचा पूर्वज एकच. आपण झालो म्हणून चुलतभावांनी मरायचं का?

पुस्तक उघडू नका.

मग ठोकून द्या, ‘बेटावर पक्षी दिसले आणि त्याला सुचलं.’ म्हणजे त्याला सुचलं, आपल्याला नाही पटलं, फिट्टंफाट! त्या बेटांवर, म्हणजे गालापागोसवर, तो १८३५ साली जेमतेम पाच आठवडे होता, हे बोलू नका. कुठला फिंच (चिमणीएवढा पक्षी) कुठल्या बेटावरचा, याची धड नोंदही त्याने ठेवली नव्हती. त्या वेगवेगळ्या जाती आहेत हे १८३७ साली लंडनमध्ये पक्षितज्ज्ञ जॉन गूल्डने सांगितलं. १८३८ला ‘लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते’ म्हणणारा माल्थस वाचला, १८४२ला सिद्धांताचा आराखडा, १८४४ला मोठा निबंध. छापला? नाही! आठ वर्षं बार्नॅकल चिरत बसला. खडकांना नि जहाजांच्या बुडाला चिकटणारे ते क्षुद्र जीव, आठ वर्षं! कबुतरं पाळली. समुद्रातून वाहत गेलेलं बी रुजतं का, हे बघायला खाऱ्या पाण्यात बिया भिजवल्या. १८५८ला, स्वतंत्रपणे त्याच कल्पनेवर पोचलेल्या वॉलेसचं टपाल आलं नसतं तर अजून किती थांबला असता कोण जाणे. आणि हे महाशय पाच मजल्यांत...! असो. सल्ला चालू होता.

‘बळी तो कान पिळी, हेच डार्विनचं म्हणणं’ असंही सांगा. माणसं कामावरून काढताना फार उपयोगी.

‘मरताना त्याने सगळं मागे घेतलं’ ही पुडीही सोडा. त्याच्या मुलीने १९२२ साली ते जाहीर नाकारलं, पण तिला कोण विचारतो!

अहो, शंका घ्या की! आनुवंशिकता कशी चालते हे डार्विनला कळलंच नव्हतं. वाटाण्यांवर प्रयोग करून तिचे नियम शोधणाऱ्या मेंडेलचा १८६६चा निबंध १९०० पर्यंत दुर्लक्षित पडला होता. ती उणीव जीवशास्त्रज्ञांनीच दाखवली, त्यांनीच भरली. मासा आणि चौपाये यांच्यामधला प्राणी कुठल्या काळाच्या खडकात मिळेल हे आधी ठरवून माणसं आर्क्टिकमध्ये खणत राहिली, आणि २००४ साली ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा टिकटालिक सापडला. खोडायचं तर ते खोडा. तेवढी मेहनत नको असेल तर गप्प बसा, निदान शाळकरी मुलांसमोर तरी.