तळेगावच्या काचेला हसू नका

आमच्या पार्ल्याच्या आतेभावाने परवा फॅमिली ग्रुपवर लिहिलं, की पैसा पैसा वर्गणी काढून तळेगावला काचेचा कारखाना काढला, काय झालं पुढे त्याचं, स्वदेशी म्हणजे नुसती भावना, धंदा कसा करायचा ते अमेरिकेकडून शिका. खाली बाकीच्यांचे अंगठे. दोन दिवस डोक्यातून जात नाहीये.

दादा, मी त्याच अमेरिकेत १७ वर्षं राहतेय, साउथ जर्सीत. लेकीच्या चौथीच्या स्टेट हिस्टरी प्रोजेक्टसाठी आम्ही वावा नावाच्या इथल्या दुकानातून कॉफी घेऊन सेलम काउंटीत अ‍ॅलोवेला गेलो होतो, आजूबाजूला मक्याची शेतं. इथे १७३९ मध्ये कॅस्पर विस्टरने काचकारखाना काढला, अमेरिकेतला पहिला नीट चाललेला. हा मूळचा जर्मन, फिलाडेल्फियात पितळेची बटणं करायचा, काचेतलं त्याला काही येत नव्हतं. वाळू आणि सरपणाला जंगल इथे होतं, पण कारागीर? चार जण जर्मनीहून आणवले, नफ्याचा तिसरा हिस्सा त्यांना, बदल्यात विद्या फक्त विस्टरला आणि त्याच्या मुलाला शिकवायची.

आणि राज्य कोणाचं होतं तेव्हा इथे? इंग्रजांचंच! वसाहतीत कारखाने निघालेले लंडनला नको असायचे. १७६८ मध्ये गव्हर्नरने तिकडे कळवलं की जाडीभरडी हिरवी काच होते, गरिबांच्या खिडक्यांना लावतात, म्हणजे काळजी नसावी. पण दुसऱ्याच वर्षी विस्टरच्या मुलाने पेपरात जाहिरात दिली की आमची काच अमेरिकन आहे, हिच्यावर लंडनने बाहेरून येणाऱ्या काचेवर लावलेला अन्यायाचा कर नाही. मग ही स्वदेशी नाही तर काय आहे? तरी क्रांतीच्या धामधुमीत कारखाना बंद पडलाच, जेमतेम ४० वर्षं चालला, पण म्हणून इथे कोणी त्याला फसलेला म्हणत नाही, मुलांना शाळेत शिकवतात.

तळेगावचं तर मला जास्तच मोठं वाटतं. अंताजीपंत काळ्यांची कल्पना, माणशी वर्षाला एक पैसा, टिळकांचा पाठिंबा आणि १९०८ मध्ये कारखाना उभा. ईश्वरदास वार्ष्णेय जपान-अमेरिकेत काच शिकून आले ते तिथे मुलांना शिकवायला. विस्टरने विद्या घरात ठेवली, आपल्या लोकांनी वर्गणीच्या पैशातून ती वाटली. हे तुला दिसत नाही याचा राग येतो मला.

पण खरं सांगू? गिरगावची खोली रिकामी करताना आईने फोनवर विचारलं होतं, माळ्यावरचा ओगल्यांच्या स्वदेशी काचकारखान्यातला प्रभाकर कंदील ठेवू का, काच शाबूत आहे. मी ऑफिसच्या घाईत होते, म्हटलं देऊन टाक भंगारात. आता इथल्या मिलव्हिलच्या काचेच्या म्युझियममध्ये हिरवट बाटल्यांच्या कपाटापुढे उभी राहिले की तो कंदील आठवतो, लेकीने विचारलं आपल्या घरी असं जुनं काचेचं काही होतं का, तर मला पटकन बोलता आलं नाही. आणि पुण्याला जाताना तळेगाव स्टेशन किती वेळा लागलं असेल, मी एकदाही उतरले नाही. तूही नाही उतरलास दादा.

डिसेंबरात येतेय, लेकीला घेऊन. एक दिवस काढ, दादरहून सकाळची गाडी पकडू आणि तळेगावला जाऊन येऊ.