कोमातले सासरे

परभणीत मे महिन्यात कोमात जायला वेगळी मेहनत लागत नाही. दुपारी दोन वाजता कूलर बंद करायचा, पाच मिनिटांत जमतं. मला तर त्याचे पैसे मिळणार होते.

काम सिनेमातलं होतं. सिनेमा विनोदी आणि विषय डेली सोपचा. त्यातल्या मालिकेत सासरे कोमात असतात, आणि त्या सासऱ्यांचं काम करणारा जो नट, त्याचं काम मी करायचं. म्हणजे दुहेरी अभिनय, पलंग मात्र एकच. राज्य नाट्य स्पर्धेत परभणी केंद्रावर पंधरा वर्षं मी हवालदार, पोस्टमन आणि 'गावकरी दुसरा' केलेत. झोपून करायचं काम पहिल्यांदाच आलं.

"सहाय्यक भूमिका आहे सर, पण कणा आहे स्टोरीचा," दिग्दर्शकाच्या हाताखालचा पोरगा म्हणाला. आमच्या ऑफिसात सहाय्यक म्हणजे जो चहा सांगायला जातो तो. माझा चेहरा पाहून त्याने 'टूट्सी' बघायला सांगितला. १९८२ चा अमेरिकन सिनेमा. डस्टिन हॉफमन काम मिळेना म्हणून बाईचा वेष घेतो आणि दवाखान्याच्या मालिकेत शिरतो. त्या मालिकेत नर्सचं काम करणारी नटी झालीय जेसिका लँग. सिनेमाला ऑस्करची दहा नामांकनं, आणि बाहुली मिळाली ती एकट्या तिला, सहाय्यक अभिनेत्री म्हणून! मी रात्री बायकोला उठवून सांगितलं. मालिकेवरचा विनोदी सिनेमा, सहाय्यक भूमिका, दवाखाना, सगळं जुळतंय.

"ती नर्स हिंडती, बोलती. तुम्ही पडून राहणार," बायको म्हणाली.

"पेशंटशिवाय नर्सला काय किंमत?" असं मी म्हणालो, तोवर ती पुन्हा झोपली होती.

अभ्यासाला मात्र घरीच सोय होती. आमच्या आईच्या आवडत्या मालिकेतले सासरेही कोमातच आहेत. संध्याकाळी सात ते दहा आमच्या घरात ॲड लागल्याशिवाय कुणी बोलायचं नाही असा नियम आहे. पाणी मागायचं तरी ॲडमध्ये. मागच्या वर्षी माझ्या पायावरून विंचू गेला, तोही मी ॲडमध्ये सांगितला. तेव्हा तीन तास मुकाट पडून राहण्याची तालीम माझी पक्की होती.

शूटिंग एका जुन्या वाड्यात होतं. दिग्दर्शकाने आधी आम्हाला ज्ञान दिलं: १९३० च्या सुमारास अमेरिकेत रेडिओवर दुपारच्या मालिका लागायच्या, त्यांना पैसे साबणाच्या कंपन्या द्यायच्या, म्हणून नाव सोप ऑपेरा. आम्ही माना डोलावल्या. साबणाचं ठीक आहे, पण शेजारच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं. आमच्याकडे ऑपेरा झालाच तर आधी टँकरचा होईल.

मग "सायलेन्स" झालं आणि कूलर बंद झाला. पंखाही. सासरे श्रीमंत घरातले, म्हणून मखमली रजई. आमच्या कृषी विद्यापीठात तापमान मोजतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आकडा येतो, त्यावर टपरीवर पैजा लागतात. त्या रजईखाली कुणी मोजलं असतं तर पैज लावणारे पळून गेले असते.

त्यात माशी. ती आधी मास्कच्या काठावर बसली. मग मिशीच्या डाव्या टोकापासून निघाली, नाकाखाली थांबली, पुढचे दोन पाय एकमेकांवर घासले, आणि निवांत उजव्या टोकाला गेली. तिथून परत. माझ्या डोळ्यातून पाणी आलं. "वा! कोमात अश्रू! हे ठेवा," दिग्दर्शक ओरडला.

सलाईनची नळी हाताला पट्टीने चिकटवली होती आणि तिचं पाणी गादीत मुरत होतं. तेवढाच गारवा, म्हणून मी गप्प बसलो. सातव्या टेकनंतर मला उठवलं तेव्हा सगळ्यांनी आधी गादीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खरा प्रकार मी दोन दिवस सांगत होतो. लोक "होतं असं, वयानुसार" म्हणत होते.

मग बायकांच्या धक्क्यांचे क्लोजअप सुरू झाले. सहा जणी, नऊ क्लोजअप, कारण आत्याबाईंना धक्का चार बाजूंनी बसायचा होता. माझा कधी डोळा लागला कळलंच नाही. जागा झालो तो साउंडवाल्याच्या आवाजाने: "जनरेटर कुणी चालू केला रे?"

घरी येऊन कूलरसमोर दिवाणावर आडवा झालो, कपाळावर ओला पंचा. सेटवरचा मास्क लावलेला फोटो मी भावकीच्या ग्रुपवर टाकला होता, खाली 'नवीन भूमिका' असं लिहून. पुढे कुणीतरी तो एकटाच फोटो फिरवला. संध्याकाळी साडेसातला जिंतूरहून मामा एसटीने हजर. हातात दोन किलो मोसंबी.

आईची मालिका रंगात आली होती. मामा माझ्या पायथ्याशी टेकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "अक्का, कधीपासून हाय हे?"

"दिवाळीपासून." आईची नजर टीव्हीवर.

"दिवाळीपासून! अन् आम्हाला पत्ता नाही?"

"रोज दाखवायलेत की."

"मग डॉक्टर काय म्हणतो?"

"डॉक्टरच फितूर हाय. पैसे खाल्लेत त्यानं."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, पण ॲडला वेळ होता. मिटलं.

"अन् सूनबाई काही करती का न्हाई?"

"तीच तर घालायलीय दुधातून काहीबाही. वरून कशी गोड बोलती बघ."

तेवढ्यात बायको चहा घेऊन बाहेर आली. "घ्या मामा. दूध जरा जास्तच टाकलंय, तुम्हाला आवडतं तसं."

मामांनी दोन्ही हातांनी कप घेतला, ती आत जाईपर्यंत धरून ठेवला आणि हळूच दिवाणाखाली सरकवला. मग एक मोसंबी सोलली, फोड काढली, माझ्या तोंडाशी धरली.

"खा लेकरा," ते कानाशी येऊन म्हणाले. "माझ्या हातचं खा."